चार एकर कोरडवाहू टिकवायची तर आधी उधारी तोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. औसा तालुक्यात चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. वडील चौसष्ट वर्षांचे, आई त्यांच्याबरोबर रानात. तुम्ही चाकणला कंपनीत, धाकटा भाऊ पुण्यात, बहीण लग्न होऊन उदगीरला. डोक्यावर अडीच लाखांचं देणं. भाऊ म्हणतो विकून मोकळं होऊ, वडील म्हणतात माझ्या डोळ्यांदेखत नाही. शेती टिकेल का आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला विचारायचंय.

मी निलंगा तालुक्यात पाच एकर कसतो. एकतीस वर्षं झाली. त्यातली सात-आठ वर्षं कर्जातून वर यायला गेली, तेव्हा जे लिहितोय ते अंगावरून गेलेलं आहे.

टिकेल. पण चांगलं वाण कोणतं, नवीन पीक कोणतं, बोअर घ्यावा का, असे प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आमच्याकडच्या चार-पाच एकराचा जीव दोन महिन्यांत अडकलेला असतो. जूनमध्ये हातात पैसा नसतो म्हणून उधारी होते, आणि ऑक्टोबरमध्ये ती उधारी फेडायची म्हणून माल ओला असतानाच आडतीवर जातो. मधले तीन महिने तुम्ही कितीही घाम गाळा, कमाई या दोन टोकांना कापली जाते. या दोन महिन्यांची गाठ सोडवली की शेतीला श्वास घेता येतो.

आधी देणं बघू. अडीच लाख हा एक आकडा म्हणून मनात धरू नका, ती तीन वेगळी दुखणी आहेत. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सोसायटीचे, म्हणजे गावातल्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे, १,२०,००० थकीत, कृषी केंद्राची ४५,००० उधारी, आणि गावातल्या एकाकडून शेकडा तीनने घेतलेले ८५,०००. वडिलांना सोसायटीची लाज वाटते, कारण थकबाकीदारांच्या यादीत नाव लागतं. घर पोखरतंय ते मात्र तिसरं देणं. ८५,००० वर शेकडा तीन म्हणजे महिन्याला २,५५० आणि वर्षाला ३०,६०० नुसतं व्याज.

आता याच्या शेजारी सोयाबीनचा हिशेब ठेवा. २०२४ च्या खरिपाचं माझ्या वहीतलं पान समोर आहे, एका एकराचं. नांगरट, मोगडा, पाळी मिळून २,८००. बियाणं २,९००. खत २,१००. पेरणी ९००. तणनाशक १,४००. दोन फवारण्या २,२००. काढणीचं गुत्तं, म्हणजे ठरवून दिलेली मजुरी, ४,५००. सात क्विंटल झालं, मळणी क्विंटलला २५० धरून १,७५०. एकूण १८,५५०. विकलं ४,२०० ने, आले २९,४००. उरले १०,८५०, आणि त्यात आम्हा नवरा-बायकोची एका दिवसाचीही मजुरी धरलेली नाही. म्हणजे तीन एकर सोयाबीनचं वर्षभराचं जे उरतं, जवळजवळ तेवढंच तुमच्या घरातून त्या एका माणसाला व्याज म्हणून जातं. हे गणित वडिलांपुढे कागदावर मांडा. त्यांना व्याजाचा दर माहीत असतो. आपलं तीन एकर त्याच्यासाठी पिकतंय हे कुणी मांडून दाखवलेलं नसतं.

म्हणून पहिला घाव तिथे. घरात सोनं असेल तर ते बँकेत तारण ठेवा. व्याज महिन्याला शेकडा एकच्या आत बसतं. आईच्या गळ्यातलं मागायला जीव होत नाही, मला माहीत आहे. मीही मागितलं होतं. तिने पाटल्या काढून दिल्या आणि ‘सोडवून आण’ एवढंच म्हणाली. चार वर्षांनी सोडवून आणल्या. तुम्ही घरी महिन्याला पाच हजार पाठवता, ते किराणा आणि दवाखान्यात विरून जातात. त्यातले तीन हजार थेट मुद्दलात जातील अशी व्यवस्था लावा, आणि दर वेळी पोच लिहून घ्या.

एक गोष्ट आजच फोन करून विचारा. त्या ८५,००० पोटी वडिलांनी कुठे सही केलीय? कोरा बाँड, कोरा चेक, की खरेदीखत? आमच्याकडे ‘पैसे आले की फिरवून देतो’ म्हणून जमिनीचं खरेदीखतच करून घेण्याची वाईट रीत आहे. तसं झालं असेल तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. बेकायदा सावकारीत अशी लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. झालं नसेल, तर यापुढे कितीही अडचण आली तरी खरेदीखतावर सही नाही, हे घरात ठरवून टाका.

सोसायटीचं दुसऱ्या नंबरावर. पीककर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत भरलं तर केंद्र आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. इतका स्वस्त पैसा दुसरीकडे कुठे नाही. थकलं की ही सवलत जाते आणि नवीन उचल बंद होते. मग जूनमध्ये माणूस शेकडा तीनवाल्याच्या दारात जातो. तुमच्या वडिलांचं बहुतेक असंच झालं असणार. गावात प्रत्येक जण सांगतो, भरू नका, माफी येईल. २०१७ ला आली, २०१९ ला आली, हे खरं. पण माफीची वाट बघत थकीत राहिलेल्या दोन-तीन वर्षांत सावकाराला गेलेलं व्याज कुणीच मोजत नाही. मी माफीही घेतली आहे, आणि नंतर नियमित भरणाऱ्यांना जे ५०,००० पर्यंत प्रोत्साहन मिळालं तेही घेतलं आहे. माझा कौल भरण्याच्या बाजूने. ‘नवं-जुनं’ करून घेऊ, म्हणजे जुनं कर्ज कागदावर फेडून नवं दाखवू, म्हणून सोसायटीचे सचिव सही मागतील. तेव्हा व्याज मुद्दलात किती चढलं ते आधी विचारा, मगच सही करा.

कृषी केंद्राची उधारी छोटी वाटते, पण तिच्यामुळे तुमची निवड जाते. उधारीवर जाणारा माणूस दुकानदार देईल ते बियाणं घेतो, देईल ते टॉनिक घेतो, आणि दर विचारत नाही. माझ्या वहीत एका वर्षी फवारणीचे ५,८०० लागले होते. पुढच्या वर्षी रोख नेले, स्वतः चिठ्ठी लिहून नेली, तर त्याच रानाला २,२०० पुरले. पीक तेवढंच आलं.

आता जून. खर्च कमी करायची पहिली जागा बियाणं आहे. सोयाबीनला दरवर्षी नवी पिशवी लागत नाही, घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. हे कृषी विद्यापीठवाले कित्येक वर्षं सांगतात आणि तरी जूनमध्ये दुकानापुढे रांग असते. कारण एकच, घरच्या बियाण्यावर विश्वास नसतो. तो विश्वास मे महिन्यात दोन रुपये खर्च न करता कमावता येतो. आमच्याकडे हे काम बायको करते. धुतलेलं गोणपाट ओसरीत अंथरते, पाणी मारते, त्यावर न निवडता उचललेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडते. वर दुसरं ओलं गोणपाट, आणि दोन्हींची हलकी वळकटी करून रांजणाच्या सावलीला ठेवते. रोज सकाळी पाण्याचा हबका. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडायचं. निरोगी कोंब किती, बुरशी आलेले किती, नुसते फुगून सडलेले किती, ते वेगळे मोजायचे. सत्तर चांगले आले तर एकरी तीस किलोने पेरायचं. साठ आले तर बियाणं वाढवायचं. त्याखाली असेल तर ते विकायचं आणि दुसरं आणायचं. गेल्या वर्षी आमचे ब्याऐंशी आले होते.

मात्र बियाण्याचं रान काढणीपासून वेगळं सांभाळावं लागतं. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ, कट्टा आपटला तरी आतला कोंब दुखावतो. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवायला सांगा, तो कुरकुरेल, पण त्याच्याजवळ उभे राहा. पाऊस न लागलेलं अर्धा एकर बियाण्यासाठी राखा, कट्ट्यांची थप्पी उंच रचू नका आणि खाली लाकडी फळ्या टाका. पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी बुरशी) आणि रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) चोळायला विसरू नका, ते स्वस्त आहे.

आणि पेरणीची घाई. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मूठ धरायची नाही. शेजाऱ्याचं औत चाललं की वडिलांच्या पोटात कालवतं. माझ्याही कालवतं. पण दुबार पेरणी म्हणजे एकरी पाच-सहा हजारांचं थेट नुकसान, आणि तो पैसा हमखास उधारीचा असतो.

बीबीएफ यंत्राने, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरता आलं तर पेरा. यंत्र विकत घ्यायचं नाही, भाड्याने आणायचं. बियाणंही कमी लागतं. मी चार वर्षं पेरतोय, पण २०२५ च्या सप्टेंबरने त्याची खरी परीक्षा घेतली. तो पाऊस तुमच्या शिवारानेही पाहिलाय. माझ्या सपाट पेरलेल्या दीड एकरात पाणी आठ दिवस हललं नाही. शेंगा झाडावरच काळ्या पडल्या आणि आतला दाणा मोड आलेला निघाला. बांधापलीकडच्या वरंब्यावरचं पाणी सरीतून ओढ्याकडे वाहत राहिलं. तिथेही नुकसान झालं, पण एकरी चार क्विंटल पदरात पडलं. ओढ्याकाठच्या ज्यांची माती खरडून गेली त्यांना कोणत्याच वरंब्याने वाचवलं नसतं, तेही सांगायला हवं.

चारही एकर सोयाबीनखाली घालू नका. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असं तीन एकर ठेवा. तुरीचा पैसा जानेवारीत येतो, म्हणजे ऑक्टोबरची मान एकट्या सोयाबीनवर राहत नाही. मर रोगाचा त्रास असेल तर बदनापूरची बीडीएन-७११ किंवा ७१६ घ्या. राहिलेल्या एका एकरात मूग-उडीद काढून रब्बीला ज्वारी. बाजाराच्या हिशेबात ज्वारी परवडत नाही, बरोबर. पण वर्षाची भाकरी घरची होते आणि कडबा घरचा होतो, आणि मग दावणीला जनावर ठेवता येतं.

कारण चार एकराला आठवड्याचा पैसा लागतो. आईच्या गोळ्या, किराणा, लग्नाचा आहेर, मोटारसायकलचं पेट्रोल, हे सगळं सोयाबीनच्या नावावर उचल घेऊन भागवलं की सोयाबीन शेतात उभं असतानाच संपलेलं असतं. आमच्या घरी हा भार एक देवणी गाय आणि सहा उस्मानाबादी शेळ्या उचलतात. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते, बांधावरच्या पाल्यावर राहते. अडचणीला एक बोकड बाजारात नेला की सावकाराची पायरी चढावी लागत नाही. तुमच्या आईच्या हाताला जमेल तेवढंच घ्या, दोन शेळ्यांपासून. पंचवीस शेळ्यांचं शेड, अनुदान, कर्ज या फंदात पहिल्या तीन वर्षांत पडू नका.

इथे माझी चूक सांगतो. २०१२ नंतर पाऊस हुलकावणी देत होता. मला वाटलं, पाणी आलं की सगळं सुटेल. पहिला बोअर साडेपाचशे फूट, कोरडा. दुसरा सातशे, नुसता धुरळा. पाणी बघणाऱ्याने तिसरी जागा दाखवली, तिथे दोन इंच लागलं. मी त्या रात्री झोपलो नाही आनंदाने. पुढच्या उन्हाळ्यात तोही गेला. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी माझ्या शेतात तीन केसिंग पाईप उभे होते आणि बैलजोडी विकलेली होती. बोअर, मोटार, पाईप आणि व्याज, सगळं मिळून तीन लाखांवर गेलं. जमिनीखाली पाणी आहे की नाही हे ठरवायला मी व्याजाचा पैसा वापरला, ती चूक. नंतर तालींमध्ये, म्हणजे शेताच्या बांधांत, दगड रचले, उताराला आडवी पेरणी सुरू केली. पाणलोटाच्या कामात गावाबरोबर राबलो. जालना जिल्ह्यातलं कडवंची बघून आलो. तिथे आधी माती-पाण्याची कामं झाली, मग शेततळी आणि द्राक्षं आली. हा क्रम उलटा करता येत नाही. कोणी तुम्हाला बोअर, ट्रॅक्टर किंवा पॉलिहाऊस सुचवलं तर एवढंच विचारा, याचा पहिला हप्ता कोणत्या पैशातून?

ऑक्टोबरबद्दल. माल लगेच विकू नका असं सगळेच सांगतात, पण थांबलं की भाव वाढतोच असं नाही. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं, आणि त्या आठवणीवर कित्येकांनी पुढची वर्षं माल धरून ठेवला. २०२४ चं ज्यांनी उन्हाळ्यापर्यंत ठेवलं त्यांच्या हाती काही लागलं नाही. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. २०२५-२६ ला तो ५,३२८ झाला. हमीभावाच्या केंद्रावर द्यायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास लागतो, आणि काढणीनंतर दोन दिवसांत आडतीवर गेलेल्या मालात तो कधीच नसतो. म्हणून ताडपत्रीवर तीन-चार उन्हं द्या, चाळा, आणि खरेदी केंद्राची नोंदणी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात नाव घाला. त्यासाठी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, वेळेत झालेली हवी. वडिलांना मोबाईलवर जमत नसेल तर सुट्टी काढून तुम्ही ती करा. त्या एका दिवसाच्या रजेचे पैसे वसूल होतात. अगदीच नड असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना विचारा. माल त्यांच्या गोदामात, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, वर्षाला ६ टक्के व्याज. आमच्या भागात फार कमी लोक ती वापरतात, याचं मला वाईट वाटतं. तेच लोक शेकडा तीनने पैसे घेतात.

भावाचं म्हणणं रागाने झटकू नका. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ वर आली. तुमची चार एकर वाटून दोन-दोन झाली तर कुणाचंच भागणार नाही, हे त्यालाही दिसतंय. माझा सल्ला, सातबारा सामाईक ठेवा, रान एकत्र कसा आणि हिशेब लिहून ठेवा: कुणी किती घातले, कुणाला किती धान्य गेलं. बहिणीचा हिस्सा कायद्याने बरोबरीचा आहे. भाऊबीजेला साडी देऊन हक्कसोड लिहून घेणं मला पटत नाही. तिला बसवून विचारा. पुष्कळ बहिणी स्वतःहून सोडतात, काहींना गरज असते. आणि वडिलांच्या हयातीत आईचं नाव सातबाऱ्यावर लावून घ्या. १९९२ पासून लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावायची, सोय आहे, अर्ज तलाठ्याकडे. कोळपणी, खुरपणी, वेचणी तिची, आणि कागदावर ती कुठेच नाही, हे नीट नाही.

वडिलांचं शरीर थकलं तर पुढे काय, याचाही विचार आत्ताच करा. तुम्ही चाकण सोडून यावं असं मी म्हणणार नाही. देणं फिटेपर्यंत तर मुळीच नाही, तुमचा पगार हेच सध्या या शेतीचं सर्वांत भरवशाचं पीक आहे. वडिलांना झेपत नसेल तर दोन एकर पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, द्या, ओळखीच्या कसणाऱ्याला. कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने आमच्याकडे कुणी कागद करत नाही आणि मग भांडणं होतात. वर्षाचा करार वकिलाकडून लिहून घ्या. उरलेली दोन एकर घराजवळची ठेवा. माणसाला सकाळी जायला रान लागतं.

विकायची वेळ कधी? सोनं नाही, पगारातून मुद्दल हलत नाही आणि शेकडा तीन दोन वर्षं तसंच चालू आहे, असं झालं तर अर्धा-पाऊण एकर विकून तो माणूस मिटवा. त्यात लाज नाही. कोरडवाहूत वीस गुंठ्यांखालचा तुकडा करता येत नाही, एवढं बघून घ्या. व्याजात झिजत झिजत चारही एकर जाण्यापेक्षा सव्वातीन एकर बिनव्याजी राहणं बरं. वडील ऐकणार नाहीत असं तुम्हाला वाटतंय. माझे वडीलही ऐकत नव्हते. मी त्यांच्याशी रानात बोललो नाही, रानात उभं राहिलं की ते फक्त पीक बघायचे. रात्री जेवल्यावर, आई बसलेली असताना, वही उघडून बोललो.

तशी एक वही घ्या. शंभर पानी पुरे. आमची दाराजवळ खिळ्याला दोरीने टांगलेली असते, पेन त्याच दोरीला. घरातून जाणारा आणि येणारा प्रत्येक रुपया त्याच दिवशी, चहापत्तीपासून. लिहायचं काम आईकडे द्या. तिला अक्षरं जड जात असतील तर पुतण्या-भाची कुणी असेल ते लिहील, पण सांगणारी ती असावी. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा पहिल्या पानावर तिघांचीच नावं घाला: सोसायटी, कृषी केंद्र आणि तो शेकडा तीनवाला. नावापुढे आजचं मुद्दल. तिसऱ्या नावाखाली त्याच दिवशी काहीतरी भरल्याची नोंद करा, हजार का होईना, आणि त्याची सही घेऊनच परत चाकणला जा.